होनोरातोच्या उशाचे कागद

दक्षिणेचा गार वारा सुटून तीन दिवस झाले होते आणि सान रोके गावात जे काही होतं ते ओल धरून बसलं होतं. मीठ, काडेपेट्या, कोंबड्या, माणसं. इथं ऑगस्टात थंडी असते. तेव्हाचा हा वारा दोन दिवसांसाठी म्हणून येतो आणि जावयासारखा आठवडा काढतो. नासारिया उरान्यावी पहाटेपासून पडवीतल्या उभ्या मागाशी झटत होती. झुल्याचं सूत ओलीनं आखडलं होतं. आखडल्या सुतावर विणलेला झुला उन्हं पडली की सैलावतो आणि गिऱ्हाइकाचं बूड जमिनीला टेकवतो, म्हणून ती एकेक दोरा सोडून पुन्हा बांधत होती. दोनशे बारा दोरे. त्यातले साठ झाले होते.

तिचा नवरा लुसियानो शेजारच्या झुल्यात पडून कसाव्याच्या कंदाचं भाजकं पीठ पाण्यात कालवून पीत होता. गारठ्यात मासे तळाशी बसतात, तेव्हा वारा असेपर्यंत नदीवर जाण्यात अर्थ नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ऊन पडलं की मासे उन्हाला भिऊन तळाशी जातात, असंही त्याचं म्हणणं असे.

"आत्या, आहेस का?" कुंपणापलीकडून एफ्राइननं हाक मारली.

"न्हाय. मेले कवाच. माग माझं भूत वढतंय. ये."

एफ्राइन आत आला. सत्तावीस वर्षांचा, गावातलाच पोरगा, पण दूरच्या सांताक्रूझ शहरात अकरा वर्षं शिकून आलेला, त्यामुळं बोलणं शहरी झालेलं. जानेवारीपासून तो गावातली संगीतशाळा चालवत होता. तो पडवीच्या कडेला टेकला आणि काडीनं चपलेचा चिखल खरवडू लागला.

"मास्तरांचा डबा उघडला," तो म्हणाला. "रिकामा आहे."

"रिकामा कसा आसंल? त्यात कागद हायेत."

"कागद मास्तरांच्या डोक्याखाली आहेत."

नासारियाचा हात एकसष्टाव्या दोऱ्यावर थांबला. लुसियानोचं पिणंही थांबलं. मास्तर होनोरातो पापू फेब्रुवारीत गेला होता.

सान रोकेत प्रत्येक वाजवणारा आपला भाग आपल्या हातानं कागदावर उतरवतो आणि वाळवी लागू नये म्हणून तंबाखूची पानं घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. माणूस गेला की ते कागद त्याच्या उशाला देतात. वर गेल्यावर कुणी वाजव म्हटलं तर पंचाईत व्हायला नको. त्याआधी त्याच्या शिष्यानं ते उतरवून घेतलेले असतात, आणि असं अडीचशे वर्षं बिनबोभाट चाललं होतं. होनोरातोचा शिष्य एफ्राइन. सोळाव्या वर्षी तो "आल्यावर उतरवतो" म्हणून गेला, आणि आला तेव्हा मास्तर अंथरुणाला खिळलेले. खिळलेल्या माणसाकडं कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर 'तुमचं आता आटोपलं' म्हणणं. शहरात राहूनही एफ्राइनची रीत सुटली नव्हती. त्यानं मागितले नाहीत. होनोरातोनं आपणहून दिले नाहीत, कारण आपणहून देणं म्हणजे मरायची घाई. त्याची बायको बासिलिया, तिला वाटलं पोरानं उतरवले असतील. तिनं कागद नीट घडी करून नवऱ्याच्या मानेखाली ठेवले, वर स्वच्छ रुमाल घातला. सगळी माणसं रीतीनं वागली आणि गावाची एक चाल जमिनीत गेली.

ती चाल म्हणजे उंबऱ्याची चाल. सोळा ऑगस्टला गावचा संत रोके पालखीतून देवळाबाहेर पडतो तो तिच्यावर. दोनच व्हायोलिनं, बाकी सगळे गप्प. एरवी आता देवळात जे काही वाजतं ते शाळेची पोरं वाजवतात, चाळीस जणांचा मेळ आहे, आणि नासारियासारख्यांना सणापुरतं बोलावतात. उंबऱ्याची चाल तेवढी तिची आणि होनोरातोची होती. ती गेली की देवळातलं तिचं बाकही गेलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

"आन् सण कवा?" लुसियानोनं विचारलं. त्याला माहीत होतं.

"नऊ दिवसांनी."

"मग हाय की येळ," नासारिया म्हणाली आणि एकसष्टावा दोरा बांधला.

दुपारी चावडीत बैठक बसली. कारभारी प्लासिदो, संताची पालखी उचलणाऱ्यांचा म्होरक्या, जाडा आणि शांत माणूस, त्यानं सगळ्यांना चाल गुणगुणायला सांगितलं. जन्मापासून ऐकतोय म्हणणारी अकरा माणसं पुढं आली आणि अकरा चाली निघाल्या. एक तर सरळसरळ लग्नातली होती.

"उकरायचं का?" कुणीतरी विचारलं.

"तवापास्नंचा समदा पाऊस गेलाय वरून," प्लासिदो म्हणाला. "कागद न्हाईत ऱ्हायले आता. होनोरातो तरी किती ऱ्हायला आसंल, द्येव जाणे."

बासिलिया मागं बसली होती. ती म्हणाली, "मान बारीकच व्हती त्याची." शेवटी ठरलं: येत्या गुरुवारपर्यंत चाल सापडली तर ठीक, नाहीतर संत ढोल-पाव्यावर बाहेर पडेल. ढोलवाला लगेच उठून गेला. त्याला सरावाला जायचं होतं.

बाहेर एफ्राइननं नासारियाला गाठलं.

"आत्या, तू एकेचाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलीस."

"बसले."

"मग तुला त्यांचा भाग येत असणार."

"येत न्हाय. मी कवा ऐकलाच न्हाय."

"असं कसं?"

"त्याचं ऐकलं की माझं जातं," नासारिया म्हणाली. "तू पयलं वाजवणारा. तुला न्हाय कळायचं."

ती खोटं बोलत नव्हती. पहिलं व्हायोलिन गावभर हिंडतं, दुसरं घर सांभाळतं. बाविसाव्या वर्षी बापानं तिला दुसऱ्यावर बसवलं, कारण पहिल्यावर तिचा चुलतभाऊ होनोरातो आधीच बसला होता. तेव्हापासून तिनं चाल अशी वाजवली नाही. चालीच्या खालचं जे असतं ते वाजवलं. घरात गुणगुणायची तेही तेच. तिची तिन्ही पोरं त्यावर झोपली आणि मोठी झाली. मुलगी नदीपलीकडं सासरी गेली तेव्हा सासूनं कौतुकानं देवाचं काही म्हण म्हणून सांगितलं. पोरीनं म्हटलं. सासू बराच वेळ थांबून म्हणाली, "आन् गाणं कवा सुरू व्हनार?"

शिवाय गेली एकोणीस वर्षं नासारिया आणि होनोरातो एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या परसांमध्ये एक सेडरचं झाड होतं. त्याच्या सावलीत तिचा माग असायचा. एक दिवस ती बाजाराहून आली तर सावली नव्हती. होनोरातोनं झाड तोडून त्याचं व्हायोलिन केलं. व्हायोलिन फार गोड झालं, हेच तिला जास्त लागलं. तेव्हापासून ते एका बाकावर, वीतभर अंतरावर बसत. तो तिला एक सूर देई, ती त्यावर तारा लावी, आणि त्यापलीकडं अक्षर नाही. तिचं झाड तिच्या कानाशी वाजत असे आणि ती ऐकत नसे.

"निदान तुझा भाग तरी वाजवून दाखव," एफ्राइन म्हणाला. "त्यावरून अंदाज बांधू."

"सकाळी ये. पर माग आदी."

दुसऱ्या दिवशी ऐंशी दोरे बांधून झाल्यावर तिनं खिळ्यावरचं व्हायोलिन काढलं. खुंट्या ओलीनं फुगून बसल्या होत्या. तिनं तोंडातली वाफ न देता नुसतं तळहातात धरून त्या ऊबवल्या आणि फिरवल्या. व्हायोलिन छातीशी टेकवलं, बापानं शिकवलं होतं तसं. हनुवटीखाली धरायची शाळेची पद्धत तिला मान मोडलेल्या बदकासारखी वाटे. गजाला राळ लावली आणि सुरुवात केली. एफ्राइन कागद-पेन्सिल घेऊन बसला. चार सूर झाले आणि ती थांबली.

"काय झालं?"

"काय न्हाय. हितं तो कोपर मारायचा."

"कोपर?"

"गज पुरायचा न्हाय त्याला. मग मधीच उलटवायचा आन् कोपर माझ्या दंडाला. ह्ये बग." तिनं दंड दाखवला. एकेचाळीस वर्षांचं काही दिसत नव्हतं, पण एफ्राइननं मान हलवली आणि लिहून घेतलं. तिथं लांब सूर होता, आणि तो गज वर नेताना संपत होता. एवढं कळलं.

"पुढं?"

"पुढं तो वर जायचा."

"किती वर?"

नासारियानं विचार केला. "पोराला मारल्यावर शेजारीण वरडती तेवढा."

एफ्राइननं होनोरातोचंच व्हायोलिन आणलं होतं. बासिलियानं ते शाळेला दिलं होतं. त्यानं एक सूर काढला.

"आरं शेजारीण म्हनले. ही सासू झाली. खाली ये."

त्यानं एक पायरी खाली घेतला.

"ही. हीच ती भवानी."

असं चार सकाळी चाललं. तिला चाल येत नव्हती. तिला होनोरातोच्या खोडी येत होत्या. इथं नाक उडवायचा, म्हणजे सूर छोटा तोडायचा. इथं जणू पालखीत स्वतःच बसलाय असा मागं रेलायचा. इथं तीन सूर भरभर घ्यायचा आणि तिसरा खायचा, "लहानपणापास्नं खादाड." इथं माझ्याच सुरावर येऊन बसायचा, दुसरी जागा नसल्यासारखा. प्रत्येक तक्रारीगणिक कागदावर एक ठिपका पडत गेला. लुसियानो झुल्यातून म्हणाला, "माझी बी आशी यादी हाय का तुझ्याकडं?"

"तुझी यादी कशाला? तू एका जागी तर आसतोस."

शेवटच्या ओळीआधी ती पुन्हा थांबली.

"हितं तो झोपायचा."

"म्हणजे?"

"थांबायचा की. समदं नीट चाललंय, वळण आलं, आन् ह्यो गप. मी गज तारंवर ठिवून ताटकळत. मग सायबाच्या मनात आलं की निघायचा."

"हे लिहू?"

"त्ये कशाला? ती चाल न्हवं, त्यो त्याचा आळस. मेलेल्याचा आळस काय लिवून ठिवायचा."

एफ्राइननं लिहिलं नाही. बुधवारी सगळं मांडून त्यानं एकट्यानं वाजवलं आणि लुसियानो झुल्यात उठून बसला. त्याला असं उठलेलं नासारियानं निवडणुकीनंतर पाहिलं नव्हतं. "आयला," तो म्हणाला, "ह्योच त्यो." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "म्हंजे तू घरी गुनगुनती त्ये ह्याचंच व्हय?"

गुरुवारी दुपारी देवळात तालीम झाली. प्लासिदो पालखीच्या दांड्यांना तेल लावत होता. बासिलिया संताचा इस्त्री केलेला झगा आणि त्याच्या पायाशी बसणाऱ्या लाकडी कुत्र्याचा नवा गोंडा घेऊन आली होती. ढोलवाला दाराशी काही काम नसल्यासारखा उभा होता.

नासारिया आपल्या बाकावर बसली. एफ्राइन होनोरातोच्या जागेवर. त्यानं सूर दिला, तिनं तारा लावल्या. चाल निघाली. पहिली ओळ, दुसरी, शेजारीण ओरडली, तिसरा सूर खाल्ला गेला, सगळं जिथल्या तिथं. वळण आलं. एफ्राइन कागदाबरहुकूम पुढं गेला आणि नासारियाचा गज तारेवर थांबलेला. दोन व्हायोलिनं दोन वाटांनी गेली आणि कुठंतरी वेदीजवळ एकमेकांवर आपटून बंद पडली.

"पुन्हा," एफ्राइन म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ढोलवाल्यानं जागा बदलून दुसऱ्या खांबाला पाठ टेकवली.

"आत्या, तिथं थांबायचं नाही ना?"

"मी कुटं थांबते? हात थांबतोय."

मागं बासिलिया हसली. दुखवट्यातल्या बाईनं देवळात हसू नये, म्हणून तिनं कुत्र्याचा गोंडा तोंडावर धरला.

"आजून थांबतीस व्हय गं वन्सं?"

"मी न्हाय थांबत, वहिनी. तुझा नवरा थांबायचा."

"आगं बया!" बासिलिया जवळ आली. "घरी येऊन काय सांगायचा ठावं हाय का? 'नासारियाचा हात मागावर आखडतो. त्या वळणाला तिला गज उलटवाया येळ लागतो. म्या थांबलो न्हाय तर उघडी पडंल.' दर वर्साला तुझ्यासाटी हात हवेत धरून बसायचा, आन् मग रातभर खांद्याला तेल चोळाया मी!"

नासारियानं तिच्याकडं पाहिलं. मग आपल्या हाताकडं.

"माझा हात कवा आखडला?"

"त्ये मला काय इचारती? त्यो म्हनायचा."

"तुमी दोघी बी खुळ्या," प्लासिदो दांडीवरचं तेल पुसत म्हणाला. "तिथं उंबरा हाय. ईतभर उंच. त्यात संताच्या फुडं त्यो कुत्रा. पाय उचलाया येळ नगं का? वाजवणारी दोघं आमच्यासाटी थांबायची. माझ्या बापाच्या येळंपास्नं."

"तुझ्या बापाच्या येळंला म्या वाजवतच न्हवते," नासारिया म्हणाली.

"मग दुसरं कोन तरी थांबत आसंल."

वाऱ्यानं दार हललं. एफ्राइनच्या हातातलं सेडरचं व्हायोलिन खिडकीच्या उजेडात तांबूस दिसत होतं, आणि नासारिया ते पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत होती. मागच्या फळीवर एक गाठ होती. ती गाठ तिला माहीत होती. झाड उभं होतं तेव्हा तिथं ती दोर बांधत असे.

"मग बोलला का न्हाय मेला?" ती म्हणाली.

"तू बोलत न्हवतीस," बासिलिया म्हणाली.

"त्याच्या आदी बावीस वर्सं बोलत व्हते की."

बासिलियानं गोंडा कुत्र्याच्या गळ्यात बांधला, ओढून नीट केला. "तवा वाटलं आसंल, आपली भन हाय. कशाला बोलून दाखवा."

नासारियानं गजाला राळ लावली. लावून झालेली होती, तरी लावली.

"एफ्राइन, लिव त्ये."

"थांबायचं?"

"व्हय."

"किती मात्रा?"

"मोजायचं न्हाय. माझ्याकडं बगायचं."

"आत्या, कागदावर काय लिहू?"

"त्येच लिव की."

एफ्राइननं पेन्सिल ओली केली आणि वळणाच्या जागी, सुरांच्या वर, बारीक अक्षरांत लिहिलं: इथे दुसऱ्या व्हायोलिनकडे बघावे. मग त्यांनी चौथ्यांदा वाजवलं. वळण आलं, तो थांबला, तिच्याकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत होती. दोघंही एकमेकांसाठी थांबले, प्लासिदोनं नुसत्या सवयीनं उजवा पाय उचलला, आणि मग चाल पुढं गेली. ढोलवाला घरी गेला.

शनिवारी वारा पडला होता, पण ढग होते. संत दारापाशी आला तेव्हा चाळीस पोरांचा मेळ गप्प झाला. नासारियानं वाजवताना या वेळी ऐकलं. आपलं जाईल अशी भीती होती. एका ठिकाणी थोडं गेलंही, पण ते खादाड तिसऱ्या सुराच्या आसपास होतं आणि तिथं फारसं कुणाचं लक्ष नसतं. तिच्या डाव्या कानाशी तिचं झाड वाजत होतं. गोडच होतं. वळणावर सगळे थांबले. कुत्रा उंबऱ्यावरून गेला, संत गेला, प्लासिदोचा मागचा पाय गेला, आणि तिनं गज ओढला.

गर्दीतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "होनोरातो बरा दिसतोय गं आता."

"त्यो मेला की फेब्रुवारीत."

"व्हय का?" म्हातारी म्हणाली. "पर थांबला बग बराबर."

सोमवारी लख्ख ऊन पडलं. सकाळीच एफ्राइन कुंपणाशी आला. काखेत कोरे कागद, शाईची बाटली, आणि चेहरा असा, की लुसियानोला वाटलं कुणाच्या तरी जाण्याची बातमी आहे.

"आत्या, राग मानू नकोस," तो म्हणाला. "तुझे कागद उतरवायला आलोय."

लुसियानो झुल्यात दुसऱ्यांदा उठून बसला.

नासारिया मागापाशी उभी होती. तिनं एफ्राइनला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मराया टेकले व्हय मी?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर आत्ता आलो."

ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली, तंबाखूची पानं झटकली आणि डबा त्याच्यापुढं पडवीत ठेवला.

"हात धू आदी. आन् हाय तसं लिव. माझं सुधरू नगस."

एफ्राइन हात धुवायला गेला. नासारिया मागाकडं वळली. उन्हानं सूत सुटलं होतं आणि गारठ्यात बांधलेला प्रत्येक दोरा सैल पडला होता. तिनं पहिला दोरा बोटानं छेडून बघितला, तोंड वाकडं केलं, आणि सोडायला घेतला. दोनशे बारा होते.